खडकी ते श्टुटगार्ट, व्हाया महिंद्र

आकुर्डीहून पुण्याकडे निघालेली लोकल चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी करत खडकीला येते. हा सगळाच पट्टा कारखान्यांचा. पण सगळे कारखाने एका वयाचे नाहीत. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली १९५४ मध्ये. एमआयडीसीची स्थापना १९६२ ची आणि आकुर्डीची ओळख बनलेली बजाजची स्कूटरही साठच्याच दशकातली. खडकीचा दारूगोळा कारखाना मात्र १८६९ चा आहे. शेजारी लष्कराची छावणी आणि बॉम्बे सॅपर्सचं केंद्र. पलटणींबरोबर आणि कारखान्याच्या नोकरीसाठी आलेली दक्षिणेकडची कुटुंबं इथेच राहिली, त्यांची मुलं मराठी बोलत वाढली. गोऱ्या सोल्जरांनी मागे ठेवलेल्या खेळांपैकी इथल्या वसाहतींत सर्वांत खोल रुजली ती हॉकी.

याच वसाहतीत १६ जुलै १९६८ रोजी हॉकीपटू धनराज पिल्ले जन्मला. वडील नागलिंगम कारखान्याच्या मैदानाची देखभाल करत. घरात भावंडं बरीच आणि पगार एक, त्यामुळे नवी स्टिक विकत आणण्याचा विषयच नव्हता. मोठ्यांनी मोडून टाकलेल्या स्टिक आणि बाद झालेले चेंडू यांच्यावर या मुलांचा खेळ चाले. मैदान मातीचं. अशा मैदानावर चेंडू कुठे उसळेल, कुठे अडेल याचा नेम नसतो. तो स्टिकला चिकटवून पळावं लागतं. पुढे जगभरच्या बचावपटूंना धनराजच्या ज्या वेगवान ड्रिब्लिंगनं हैराण केलं, त्याचं निम्मं श्रेय खडकीच्या मातीला द्यायला हरकत नाही. उरलेलं त्याच्या आदर्शाचं, हॉकीपटू मोहम्मद शाहिदचं.

पण परदेशी क्लबांपर्यंत तो पोचला कसा?

अमेरिकेत या प्रश्नाचं उत्तर सोपं असतं. तिथला बास्केटबॉलपटू शिष्यवृत्ती मिळवून कॉलेजात जातो, विद्यापीठाच्या संघातून चार वर्षांपर्यंत खेळतो आणि मग एनबीएच्या निवडीची वाट पाहतो. त्या ‘ड्राफ्ट’मध्ये दर वर्षी साठेक नावं पुकारली जातात. बाकीचे एजंट गाठतात आणि तुर्कस्तान, स्पेन, जपान, फिलिपिन्स, मिळेल तिथे करार करतात. खेळाडूची बाजारपेठेशी पहिली गाठ घालून देतं ते कॉलेज. आपल्याकडेही आंतरविद्यापीठ स्पर्धा होत्या आणि आहेत. मात्र त्यांतून परदेशी क्लबकडे जाणारं दार नव्हतं. ती जागा भरून काढली कंपन्यांनी.

धनराजचा थोरला भाऊ रमेश मुंबईत आरसीएफ या खत कंपनीकडून खेळत होता. त्याच्यामागोमाग धनराज मुंबईला गेला आणि काही काळानं महिंद्र अँड महिंद्रच्या संघात आला. तिथे प्रशिक्षक होते ऑलिंपिकपटू जोकिम कार्व्हालो. त्या काळच्या मुंबईत रेल्वे, बँका, तेल कंपन्या, एअर इंडिया, महिंद्र, टाटा या सगळ्यांचे संघ असत. खेळाडू हजेरीपटावर कामगार किंवा कारकून असे, सकाळी सराव करी, स्पर्धेच्या काळात त्याला सुट्टी मिळे. पगार फार मोठा नसला तरी पहिल्या तारखेला यायचा, निवृत्तीपर्यंत यायचा. कबड्डीपासून क्रिकेटपर्यंत महाराष्ट्रातले कितीतरी खेळ याच पगारावर जगले. त्याला ‘हौशी’ खेळ म्हणायची पद्धत होती. खरं तर तो व्यावसायिक खेळच होता, फक्त कराराची मुदत अठ्ठावन्नाव्या वर्षी संपायची.

१९८९ मध्ये धनराज भारताकडून खेळू लागला. पुढच्या पंधरा वर्षांत चार ऑलिंपिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई स्पर्धा. देशासाठी खेळतानाच परदेशी क्लबांची बोलावणी येऊ लागली: जर्मनीत श्टुटगार्टर किकर्स, फ्रान्समध्ये लियाँ, लंडनमध्ये इंडियन जिमखाना, मलेशियात बँक सिम्पानन नासिओनाल, ढाक्यात अबाहानी. यांतला इंडियन जिमखाना १९१६ पासूनचा. लंडनमधल्या भारतीय मंडळींनी खेळण्यासाठी काढलेला. ढाक्यात तर अबाहानी आणि मोहामेडन यांच्यात शहर विभागलेलं. तिथे पाहुण्या खेळाडूचं कौतुक फुटबॉलवीरासारखं व्हायचं.

‘परदेशी करार’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर फुटबॉलचे कोट्यवधींचे आकडे येतात. हॉकीत तसं काही नव्हतं. युरोपातला हॉकी क्लब म्हणजे सभासदांच्या वर्गणीवर चालणारी संस्था. पाहुण्या खेळाडूची राहण्याची सोय, विमानाचं तिकीट, भत्ता आणि पुष्कळदा क्लबच्या पोरांना शिकवण्याचं काम. एका मोसमाची कमाई, झालं. त्यावर संसार उभा राहत नसे. म्हणूनच मागे कंपनीची नोकरी असणं मोलाचं होतं. ती होती म्हणून मोसमापुरतं बाहेर जाता यायचं. ती नसती तर श्टुटगार्टचं बोलावणं हा निव्वळ जुगार ठरला असता.

देशाकडून खेळून काय मिळायचं, हे १९९८ मध्ये दिसलं. बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत धनराजच्या नेतृत्वाखाली भारतानं अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला पेनल्टी स्ट्रोकवर हरवलं. ३२ वर्षांनी सुवर्णपदक आलं. खेळाडूंनी भत्त्यांचा विषय काढला होता. पुढच्याच मालिकेच्या संघातून कर्णधार धनराज, गोलरक्षक आशिष बल्लाळ आणि आणखी काही वरिष्ठ गायब! त्यांना विश्रांती दिली, असं भारतीय हॉकी संघटनेनं सांगितलं. तेव्हा अध्यक्ष होते के. पी. एस. गिल. फटकळ म्हणून धनराज बदनाम होता, पण त्याच्या फटकळपणाचं मूळ शोधायला फार लांब जावं लागत नाही.

वारं उलटं फिरलं ते २०१२-१३ मध्ये. हॉकी इंडिया लीगच्या पहिल्या लिलावात जर्मनीचा मोरिट्झ फ्युर्स्टे ७५ हजार डॉलरच्या वर गेला आणि रांचीकडून खेळायला आला. जर्मन खेळाडू थंडीच्या मोसमात कमाईसाठी झारखंडात! धनराजची आंतरराष्ट्रीय कारकीर्द मात्र २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्येच संपली होती. मुंबईचा युवराज वाल्मीकी या दोन काळांच्या मधला. मरीन लाइन्सजवळच्या त्याच्या खोपटात वीज नव्हती आणि तो जर्मनीतल्या लीगमध्ये खेळत होता. २०११ मध्ये आशियाई चॅम्पियन्स करंडकात त्यानं पाकिस्तानविरुद्ध निर्णायक गोल मारला, तेव्हा कुठे घरात दिवा लागला. त्याचीही नोकरी कंपनीचीच होती, एअर इंडियात.

अमेरिकी शिडी आपल्याकडे उभी करण्याचा खटाटोप बास्केटबॉलवाल्यांनी करून पाहिला. २०१० मध्ये आयएमजी-रिलायन्सनं आठ मुलामुलींना फ्लॉरिडाच्या अकादमीत धाडलं. त्यांतल्या पंजाबच्या सतनाम सिंगला २०१५ च्या ड्राफ्टमध्ये ५२ व्या क्रमांकावर डॅलसनं निवडलं, पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. त्याच सुमारास भारतातल्या यूबीए या बास्केटबॉल लीगमध्ये पुण्याच्या नावाचा ‘पुणे पेशवाज’ संघ उतरला. दोनेक वर्षांत लीगच बंद पडली. वाराणसीचा विशेष भृगुवंशी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ॲडलेड थर्टीसिक्सर्सशी करार करून गेला. लीगमध्ये मैदानावर उतरण्याची संधी न मिळताच तो परतला. ओएनजीसीतली त्याची जागा शाबूत होती. भारताच्या संघातून तो खेळत राहिला आणि २०२० मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.