खो-खोतील पंचांचे स्थान आणि अधिकारक्षेत्र

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम लेखनिविष्ट करण्यास आरंभ केला. या घटनेचा विचार बहुधा मैदानाची मापे व गुण यांपुरताच केला जातो. तथापि, निवाडा कोणी व कोठून करावयाचा, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

पुढे स्थिरावलेल्या नियमांनुसार दोन पंच मैदानाबाहेर, मधल्या पाटीच्या दोन बाजूंस, समोरासमोर उभे राहतात. आपापल्या अर्ध्या भागातील निर्णय प्रत्येकाने द्यावयाचा व दुसऱ्यास साहाय्य करावयाचे. मतभेद झाल्यास सरपंचाचा निर्णय अंतिम. या विभागणीचे मूळ खेळाच्या रचनेतच आहे. पाठलाग करणाऱ्यास मधली पाटी ओलांडता येत नाही, आणि 'खो' बसलेल्या गड्याच्या पाठीमागूनच द्यावा लागतो. तो गडी उठतो तो समोरच्या अर्ध्या भागात. म्हणजे प्रत्येक 'खो'बरोबर पाठलाग, व त्यासोबत निवाड्याची मुख्य जबाबदारी, एका पंचाकडून दुसऱ्याकडे जाते. क्रिकेटमधील पंचांची कामे षटकागणिक बदलतात. येथे हा बदल क्षणाक्षणाला घडतो.

'खो' आधी मिळाला की गडी आधी उठला, हा वाद गल्लीतील खेळात सामंजस्याने मिटत असे. १९५९-६० साली विजयवाडा येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली, तेव्हा परस्परांस अपरिचित संघ समोरासमोर आले. अशा ठिकाणी सामंजस्याची जागा पंचाच्या नियत स्थानानेच घेतली पाहिजे. खेळाचे सार्वत्रिक होणे ते हेच.