ब्रेक्झिटचे परिणाम

युनायटेड किंग्डम (या लेखात यापुढे ब्रिटन) हा देश ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडला. या घटनेस ब्रेक्झिट असे म्हणतात. ‘ब्रिटन’ आणि बाहेर पडणे या अर्थाचा ‘एक्झिट’ या दोन शब्दांच्या संयोगातून ही संज्ञा तयार झाली आहे. एखाद्या सदस्य राष्ट्राने संघाचे सदस्यत्व सोडण्याचा हा पहिला व आजवरचा एकमेव प्रसंग होय. प्रादेशिक व्यापारी आणि राजकीय संघ सोडल्याने देशाचा लाभ होतो की हानी, या जुन्या वादाला ब्रेक्झिटमुळे प्रत्यक्ष अनुभवाची जोड मिळाली. प्रस्तुत लेखात व्यापार, कायदे करण्याचा अधिकार, स्थलांतर आणि उत्तर आयर्लंडची सीमा या चार अंगांनी त्या अनुभवाचा आढावा घेतला आहे.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात सुरू झालेल्या एकीकरणापासून ब्रिटन आरंभी अलिप्त राहिला. पुढे त्याने सदस्यत्वासाठी अर्ज केला, तेव्हा फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष शार्ल द गोल यांनी १९६३ व १९६७ असा दोनदा नकाराधिकार वापरला. अखेर पंतप्रधान एडवर्ड हीथ यांच्या कारकिर्दीत, १ जानेवारी १९७३ रोजी, ब्रिटनला युरोपीय आर्थिक समुदायात प्रवेश मिळाला. १९७५ साली झालेल्या सार्वमतात सुमारे ६७ टक्के मतदारांनी सदस्यत्व टिकवण्याच्या बाजूने कौल दिला.

तरीही ब्रिटनचे संघाशी असलेले नाते सावधपणाचेच राहिले. त्याने युरो हे सामायिक चलन स्वीकारले नाही आणि पारपत्र-तपासणीविना प्रवासाच्या शेंगेन व्यवस्थेतही तो सामील झाला नाही. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी १९८४ मध्ये ब्रिटनच्या वर्गणीत सूट मिळवली. १९९३ मध्ये मास्ट्रिख्ट करार अमलात आला आणि आर्थिक समुदायाचे रूपांतर राजकीय स्वरूपाच्या संघात झाले. आपण बाजारपेठेत शिरलो होतो, राज्यात नव्हे, ही भावना तेव्हापासून ब्रिटनमधील एका मोठ्या वर्गात मूळ धरू लागली. २००४ मध्ये दहा नवी राष्ट्रे संघात आली. त्यांच्या कामगारांना पहिल्या दिवसापासून प्रवेश देणाऱ्या तीन देशांत आयर्लंड व स्वीडनसह ब्रिटनचा समावेश होता. त्यातून झालेले स्थलांतर हा पुढे राजकीय वादाचा विषय बनला.

सार्वमत आणि निर्गमन

हुजूर पक्षाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी २३ जून २०१६ रोजी सार्वमत घेतले. ७२.२ टक्के मतदान झाले. बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के, तर राहण्याच्या बाजूने ४८.१ टक्के मते पडली. हा कौल सर्वत्र सारखा नव्हता. इंग्लंड व वेल्स यांनी बाहेर पडण्यास पसंती दिली. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडमध्ये सुमारे ५६ टक्के मतदारांनी राहण्याच्या बाजूने मत दिले. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी डॉलरच्या तुलनेत पौंडाचे मूल्य तीस वर्षांतील नीचांकावर गेले.

मतपत्रिकेवरील प्रश्न राहावे की बाहेर पडावे एवढाच होता. बाहेर पडून कोठे उभे राहायचे, हे तीत विचारलेले नव्हते. नॉर्वेप्रमाणे एकल बाजारपेठेत राहायचे, तुर्कस्तानाप्रमाणे जकात संघात राहायचे, की दोन्ही सोडून केवळ व्यापार करार करायचा, असे अनेक पर्याय शक्य होते. पुढील साडेतीन वर्षांचा राजकीय संघर्ष मुख्यतः या न विचारलेल्या प्रश्नावरून झाला. पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार संसदेने तीनदा फेटाळला. जानेवारी २०१९ मधील पहिल्या मतदानात त्याच्या विरोधात ४३२, तर बाजूने केवळ २०२ मते पडली. त्यांच्यानंतर आलेल्या बोरिस जॉन्सन यांनी डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत बहुमत मिळवून निर्गमन पूर्ण केले. संक्रमण काळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि १ जानेवारी २०२१ पासून व्यापार व सहकार्य करार लागू झाला.

व्यापारावरील परिणाम

या करारानुसार ब्रिटन व संघ यांच्यातील मालावर, तो मूळस्थानाच्या अटी पूर्ण करीत असल्यास, आयातशुल्क लागत नाही. त्यामुळे मुक्त व्यापार कायम राहिला, असे वरवर पाहता वाटते. परंतु शुल्क आणि अडथळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकल बाजारपेठेत असताना लंडनहून पॅरिसला माल पाठवणे हे लंडनहून मँचेस्टरला पाठवण्याइतकेच सोपे होते. आता जकात घोषणापत्र, मूळस्थानाचा पुरावा, तसेच मांस, दूध व वनस्पतिजन्य पदार्थांसाठी आरोग्य प्रमाणपत्र लागते. मोठी कंपनी हा खर्च हजारो नगांवर विभागू शकते. वर्षाकाठी थोडाच माल पाठवणाऱ्या छोट्या उत्पादकाला मात्र तो परवडेनासा होतो, आणि तसे अनेक जण युरोपीय बाजारातून बाहेर पडले.

वित्तीय सेवांनाही झळ लागली. एका सदस्य देशाच्या परवान्यावर संपूर्ण संघात व्यवसाय करण्याची मुभा लंडनमधील बँकांनी गमावली. जानेवारी २०२१ मध्ये समभागांच्या व्यवहारांत ॲम्स्टरडॅमने लंडनला मागे टाकले. तथापि लंडनची वित्तीय केंद्र ही ओळख पुसली गेली नाही. सेवांची एकूण निर्यात मालाच्या निर्यातीपेक्षा बरीच बरी राहिली.

एकूण परिणाम मोजणे अवघड आहे. संघात राहिलेला दुसरा ब्रिटन तुलनेसाठी उपलब्ध नाही, शिवाय करोनाची साथ आणि युक्रेन युद्धानंतरची ऊर्जा महागाई यांचे परिणाम त्यात मिसळलेले आहेत. ब्रिटन सरकारला वित्तीय अंदाज पुरवणाऱ्या स्वायत्त अंदाजपत्रक उत्तरदायित्व कार्यालयाच्या मते, संघात राहिल्यास जी उत्पादकता असती तिच्यापेक्षा ती दीर्घकाळात सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील, आणि आयात व निर्यात दोन्ही सुमारे १५ टक्क्यांनी कमी होतील. याचा अर्थ देश गरीब झाला असा नव्हे. अर्थव्यवस्था वाढली, पण जितकी वाढू शकली असती तितकी वाढली नाही, असा त्याचा आशय आहे. ब्रेक्झिटचे काही समर्थक अर्थतज्ज्ञ हा अंदाज फुगवलेला मानतात.

दुसऱ्या बाजूस ब्रिटनला स्वतंत्र व्यापार करार करण्याची मोकळीक मिळाली. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडशी केलेले करार मे २०२३ मध्ये अमलात आले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटन प्रशांत महासागरी व्यापार गटात सामील झाला. मात्र ऑस्ट्रेलियाशी झालेल्या कराराने सकल देशांतर्गत उत्पादनात दीर्घकाळात ०.०८ टक्के भर पडेल, असा खुद्द ब्रिटिश सरकारचाच अंदाज होता. शेजारच्या मोठ्या बाजारपेठेतील अडथळ्यांची भरपाई दूरच्या बाजारपेठा सहजी करू शकत नाहीत, हे या आकड्यांवरून दिसते. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने जगभर वाढीव आयातशुल्क जाहीर केले, तेव्हा ब्रिटनवर १० टक्के तर युरोपीय संघावर २० टक्के शुल्क आकारण्याचे ठरले. स्वतंत्र धोरणाचा लाभ म्हणून समर्थक या प्रसंगाचा दाखला देतात.

कायदे करण्याचा अधिकार

बाहेर पडण्याच्या बाजूने मांडला गेलेला सर्वांत भक्कम मुद्दा सार्वभौमत्वाचा होता. सदस्य असताना संघाचा कायदा राष्ट्रीय कायद्याहून श्रेष्ठ मानावा लागे. आता ब्रिटिश संसद स्वतःच्या मताने कायदे करते आणि त्यांचा बरावाईट जाब तिलाच मतदारांना द्यावा लागतो. याची ठोस उदाहरणे आहेत. संघाच्या नियमांमुळे मासिक पाळीच्या साधनांवरील मूल्यवर्धित कर ब्रिटनला ५ टक्क्यांखाली आणता येत नव्हता, तो १ जानेवारी २०२१ पासून रद्द झाला. शेतजमिनीच्या क्षेत्रफळावर अनुदान देण्याची युरोपीय पद्धत इंग्लंडने मोडीत काढली आणि पर्यावरण-संवर्धनाच्या कामाशी अनुदान जोडण्यास सुरुवात केली. कत्तलीसाठी जिवंत गुरांच्या निर्यातीवर २०२४ मध्ये ग्रेट ब्रिटनमध्ये बंदी आली.

करोना लशीला ब्रिटनने डिसेंबर २०२० मध्ये, संघाच्या आधी, मान्यता दिली. त्याचे श्रेय अनेकदा ब्रेक्झिटला दिले जाते. प्रत्यक्षात तेव्हा संक्रमण काळ चालू होता, आणि आणीबाणीत तात्पुरती मान्यता देण्याचा तो अधिकार संघाच्या कायद्यातच सदस्य राष्ट्रांना होता.

या स्वातंत्र्याला व्यवहारात मर्यादाही आहेत. संघात माल विकायचा तर तेथील मानके पाळावीच लागतात. पूर्वी ती ठरवताना ब्रिटनचे मत विचारात घेतले जाई, आता ती फक्त स्वीकारावी लागतात. त्यामुळे अनेक क्षेत्रांत वेगळे नियम करण्याचा अधिकार असूनही ब्रिटनने तो वापरलेला नाही.

स्थलांतर

संघाच्या नागरिकांचा मुक्त संचार १ जानेवारी २०२१ पासून थांबला आणि सर्व परदेशी नागरिकांसाठी गुणांवर आधारित व्हिसा पद्धत लागू झाली. युरोपातून येणाऱ्यांची संख्या घटली, परंतु भारत, नायजेरिया आदी देशांतून विद्यार्थी, परिचारिका व काळजीवाहक कर्मचारी मोठ्या संख्येने आले. परिणामी २०२३ मध्ये वार्षिक निव्वळ स्थलांतर ९ लाखांच्या वर जाऊन त्याने उच्चांक गाठला. पुढे नियम कडक केल्यावर ते झपाट्याने उतरले. स्थलांतर कमी व्हावे म्हणून मत देणाऱ्यांची आरंभी निराशा झाली. मात्र किती लोक यावेत हे ठरवण्याचा आणि तो निर्णय बदलण्याचा अधिकार ब्रिटिश सरकारकडे आला, हेही तितकेच खरे आहे.

उत्तर आयर्लंडची सीमा

ब्रेक्झिटचा सर्वांत नाजूक परिणाम आयर्लंड बेटावर दिसला. उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा भाग आहे, तर दक्षिणेकडील आयर्लंड प्रजासत्ताक युरोपीय संघाचा सदस्य आहे. दोहोंमधील सुमारे ५०० किलोमीटरच्या सीमेवर ये-जा करण्याचे दोनशेहून अधिक मार्ग आहेत. तीस वर्षांच्या संघर्षात सुमारे ३,५०० माणसे मारली गेल्यानंतर १९९८ मध्ये गुड फ्रायडे करार झाला. हळूहळू या सीमेवरील लष्करी चौक्या उठल्या आणि ती केवळ नकाशापुरती उरली. दोन्ही देश एकाच बाजारपेठेत असल्यामुळे मालाच्या तपासणीचीही गरज नव्हती.

ब्रिटन एकल बाजारपेठ व जकात संघ यांतून बाहेर पडताच तपासणी कोठे करायची, हा प्रश्न उभा राहिला. जमिनीवरील सीमेवर चौक्या उभारल्या तर शांतता धोक्यात येते. समुद्रात, म्हणजे ग्रेट ब्रिटन व उत्तर आयर्लंड यांच्यामध्ये तपासणी केली, तर एकाच देशाचे दोन भाग होतात. कोठेच करायची नसेल, तर ब्रिटनला संघाचे नियम पाळावे लागतात. अखेर दुसरा पर्याय निवडला गेला आणि मालाच्या बाबतीत उत्तर आयर्लंड संघाच्याच नियमांत राहिले. ब्रिटनशी एकनिष्ठ असलेल्या पक्षांना हे मान्य नव्हते. त्यांपैकी सर्वांत मोठ्या पक्षाने फेब्रुवारी २०२२ पासून दोन वर्षे प्रांतिक सरकारात सहभागी होण्यास नकार दिला. फेब्रुवारी २०२३ मधील विंडसर आराखड्याने उत्तर आयर्लंडमध्येच राहणाऱ्या मालासाठी हिरवी आणि पुढे संघात जाऊ शकणाऱ्या मालासाठी लाल मार्गिका ठरवून तपासणी सौम्य केली. मूळ पेच मात्र कायम आहे.

भारत व गोवा यांच्याशी संबंध

सदस्य असताना ब्रिटनला भारताशी स्वतंत्र व्यापार करार करता येत नव्हता. तो अधिकार परत मिळाल्यावर झालेल्या वाटाघाटींतून २४ जुलै २०२५ रोजी भारत-ब्रिटन सर्वंकष आर्थिक व व्यापार करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. भारताकडून ब्रिटनला जाणाऱ्या बहुतेक सर्व मालावरील शुल्क रद्द करण्याची आणि स्कॉच व्हिस्कीवरील भारतीय शुल्क १५० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांवर आणण्याची तरतूद त्यात आहे.

गोमंतकीयांच्या दृष्टीने ब्रेक्झिटला वेगळा अर्थ होता. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगालच्या कायद्यानुसार तेथील नागरिकत्व मिळवता येते. या पारपत्राच्या आधारे, संघाचे नागरिक म्हणून, हजारो गोमंतकीय ब्रिटनमध्ये कामासाठी गेले. इंग्लंडमधील स्विंडन शहरात त्यांची मोठी वस्ती आहे. सार्वमतात ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मताधिकार होता, पण आयर्लंड, माल्टा व सायप्रस वगळता संघाच्या इतर नागरिकांना नव्हता. त्यामुळे भारतीय पारपत्र असलेल्या गोमंतकीयाला मत देता आले आणि पोर्तुगीज पारपत्र घेतलेल्या त्याच्या भावाला, ज्याचे भवितव्य या निकालावर अवलंबून होते, ते देता आले नाही. २०२० अखेरपर्यंत तेथे वास्तव्यास असलेल्यांना अर्ज करून राहण्याचा हक्क टिकवता आला. नंतर जाणाऱ्यांसाठी मात्र तो मार्ग बंद झाला.

अन्य उदाहरणे

डेन्मार्कबरोबर १९७३ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायात गेलेल्या ग्रीनलंडने स्वायत्तता मिळाल्यावर १९८२ मध्ये सार्वमत घेतले आणि १ फेब्रुवारी १९८५ रोजी समुदाय सोडला. त्याचे अर्थकारण जवळजवळ पूर्णतः मासेमारीवर अवलंबून होते. आपल्या सागरी क्षेत्रावरील ताबा परत मिळवून, आणि युरोपीय नौकांना मर्यादित प्रवेशाच्या बदल्यात माशांची शुल्कमुक्त विक्री व मोबदला पदरात पाडून, त्याने आपले हित साधले. ब्रिटनमध्येही मासेमारी हा भावनिक मुद्दा होता, पण तिचा राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. चिली हा देश १९७६ मध्ये अँडियन गटातून बाहेर पडला, कारण गटाची परकीय गुंतवणुकीवरील बंधने व चढे आयातशुल्क त्याला नको होते. बाहेर पडल्यावर त्याने शुल्क बरेच खाली आणले. ब्रिटनने मात्र कमी अडथळ्यांचा गट सोडून अधिक अडथळ्यांची व्यवस्था पत्करली.

मूल्यमापन

या उदाहरणांवरून असे दिसते, की संघ सोडण्याचा लाभ तीन गोष्टींवर अवलंबून असतो. परत मिळालेला अधिकार देशाच्या मुख्य गरजेशी निगडित आहे का, जुन्या बाजारपेठेत प्रवेश किती टिकला, आणि देशाच्या निरनिराळ्या भागांना तो निर्णय किती मान्य आहे. ब्रिटनच्या बाबतीत आर्थिक हिशेब बहुतांश अभ्यासकांच्या मते तोट्याचा आहे. मात्र स्वशासनाला स्वतंत्र मोल देणारे नागरिक हा तोटा योग्य किंमत म्हणून स्वीकारतात, आणि ती निवड केवळ आकड्यांनी खोडून काढता येत नाही. मे २०२५ मधील लंडन परिषदेत दोन्ही पक्षांनी खाद्यपदार्थांवरील तपासणी कमी करण्याच्या दिशेने सहमती दर्शवली, तसेच युरोपीय नौकांना ब्रिटिश सागरी क्षेत्रातील प्रवेश २०३८ पर्यंत वाढवून दिला गेला. सदस्यत्व संपले तरी शेजार संपत नाही, आणि त्याच्या अटींची वाटाघाट चालूच राहते, हे त्यावरून स्पष्ट होते.