निसर्गातील प्रवाह काटकसरी असतात का?

झाडाच्या पानावरील शिरा, नदीला येऊन मिळणाऱ्या उपनद्या, फुप्फुसांतील श्वासनलिका आणि शरीरभर पसरलेल्या रक्तवाहिन्या यांची चित्रे शेजारी शेजारी ठेवली, तर त्यांतील साम्य चटकन नजरेत भरते. खोडाला फांद्या फुटाव्यात आणि फांद्यांना डहाळ्या, तशीच ही सारी जाळी असतात. असे का, या प्रश्नाला एक आकर्षक उत्तर दिले जाते. कमीत कमी ऊर्जा खर्चून अधिकाधिक वाहून नेणे हेच निसर्गाचे धोरण आहे, असे ते उत्तर. ते कितपत ग्राह्य मानावे, याविषयी मात्र शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

काटकसरीचे तत्त्व भौतिकशास्त्राला नवे नाही. प्रकाश कमीत कमी वेळाच्या मार्गाने जातो, असे पिएर द फेर्मा या फ्रेंच गणितज्ञाने सतराव्या शतकात मांडले. मोपेर्त्युई याने १७४४ मध्ये न्यूनतम क्रियेचे तत्त्व मांडले आणि पुढे त्यात विधात्याच्या योजनेचा पुरावाही शोधला. परंतु घर्षणामुळे ज्यात ऊर्जा सतत खर्ची पडते, अशा प्रवाहांना सरसकट लागू पडेल असे सर्वमान्य तत्त्व अद्याप सापडलेले नाही. वादाचे मूळ येथेच आहे.

या तत्त्वाचे सर्वांत भक्कम उदाहरण रक्ताभिसरणात आढळते. रक्तवाहिनीची त्रिज्या दुप्पट झाली, तर प्रवाहाला होणारा विरोध सोळाव्या हिश्शावर येतो. म्हणजे रुंद वाहिनी हृदयाचे श्रम वाचवते. पण तिच्यात रक्त अधिक मावते आणि ते रक्त निर्माण करून टिकवण्यासही ऊर्जा लागते. या दोन खर्चांची बेरीज कमीत कमी केव्हा होईल, याचे गणित सेसिल मरे यांनी १९२६ मध्ये मांडले. मूळ वाहिनीच्या त्रिज्येचा घन हा तिच्या शाखांच्या त्रिज्यांच्या घनांच्या बेरजेइतका असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यानुसार १ मिलिमीटर त्रिज्येच्या वाहिनीला दोन समान शाखा फुटल्या, तर प्रत्येकीची त्रिज्या सुमारे ०.७९ मिलिमीटर भरते. अनेक लहान धमन्यांत हे प्रमाण बऱ्याच अंशी आढळते. हृदयालगतच्या मोठ्या धमन्यांत मात्र रक्त ठोक्यागणिक उसळत वाहत असल्याने हा नियम नीट लागू पडत नाही.

येथे गणिताला शरीरातील यंत्रणेचा आधार आहे. वाहिनीच्या अस्तरातील पेशींना रक्ताच्या घर्षणाचा ताण जाणवतो. तो दीर्घकाळ वाढलेला राहिल्यास वाहिनी रुंदावते. हा ताण सर्वत्र सारखा राहिला की मरे यांचा नियम आपोआप पाळला जातो. शिवाय अशी यंत्रणा घडवण्यास नैसर्गिक निवडीची कोट्यवधी वर्षे कामी आली आहेत.

नदीची गोष्ट वेगळी. नद्यांची पिढ्यान्‌पिढ्या निवड होत नाही. अमेरिकी जलशास्त्रज्ञ रॉबर्ट हॉर्टन यांनी १९४५ मध्ये दाखवले, की एका श्रेणीचे प्रवाह त्यावरील श्रेणीच्या प्रवाहांच्या साधारणतः तीन ते पाच पट असतात. ही नियमितता नदीच्या सुघड रचनेची खूण मानली गेली. परंतु कल्पना करता येण्याजोगी जवळजवळ सर्वच जाळी या नियमात बसतात, असे जेम्स किर्चनर यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले. जो नियम यदृच्छेने जुळवलेल्या जाळ्यालाही लागू पडतो, तो नदीच्या घडणीविषयी फारसे काही सांगू शकत नाही.

इग्नासिओ रॉद्रिगेझ-इतुर्बे, आंद्रेआ रिनाल्दो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये अधिक काटेकोर वाट धरली. एकूण ऊर्जाव्यय कमी करत जाणारी जाळी त्यांनी संगणकावर तयार केली. ती खऱ्या नद्यांशी बरीच जुळली. मात्र पुढील अभ्यासात दिसले, की सर्वांत काटकसरी जाळ्यापेक्षा वाटेतच कुठेतरी स्थिरावलेली, थोडी सदोष जाळी खऱ्या नद्यांना अधिक जवळची असतात. याचा अर्थ लावता येतो. जेथे पाणी अधिक तेथे झीज अधिक, आणि पात्र खोल झाले की आणखी पाणी तिकडे वळते. प्रत्येक टप्प्यावर समोरच्या उतारानुसार बदल होतो. साऱ्या खोऱ्याचा हिशेब कोणी मांडत नाही. खडक आणि पूर्वेतिहास यांची छाप त्यामुळे कायम राहते.

एड्रियन बेजान यांनी १९९६ मध्ये मांडलेला ‘कन्स्ट्रक्टल’ नियम याहून व्यापक दावा करतो. टिकून राहणारी प्रत्येक प्रवाहव्यवस्था प्रवाह अधिकाधिक सुलभ होईल अशीच बदलत जाते, असे तो सांगतो. कशाची बचत होते हे आकृती पाहिल्यानंतर ठरवले, तर कोणतीही आकृती काटकसरी ठरवता येते, असा टीकाकारांचा आक्षेप आहे.

म्हणून अशा तत्त्वाची पारख करताना तीन प्रश्न विचारावे लागतात. कोणता खर्च कमी होतो हे आधी सांगितले आहे का? कोणती आकृती आढळणार नाही, हे त्यावरून ठरते का? आणि तो खर्च कमी करणारी यंत्रणा दाखवता येते का? लहान धमन्या या तिन्ही कसोट्यांना बऱ्याच अंशी उतरतात. नद्यांच्या बाबतीत काटकसर हे कारण नसून झिजेचा परिणाम आहे, असे मानणेच सध्या अधिक सयुक्तिक ठरते.