नकाशा भूकंपानंतर बदलतो: आपत्तींचे प्रकार आणि पूर्वतयारीचा इतिहास

नेटच्या पहिल्या पेपरमध्ये 'नैसर्गिक आपत्ती' हा घटक आहे. बहुतेक नोट्समध्ये तो एका तक्त्यात संपतो. तक्ता पाठ केला की परीक्षेपुरतं काम होतं. पण तुम्हाला पुढे संशोधन करायचं असेल, तर तो तक्ता कुठून आला आणि तो कुठे अपुरा पडतो, हेही बघायला हवं. आज महाराष्ट्रातल्या एका दुष्काळाच्या आणि दोन भूकंपांच्या आधारे ते बघू.

तक्ता कुठून आला?

1999 मध्ये केंद्र सरकारने जे. सी. पंत यांच्या अध्यक्षतेखाली एक उच्चाधिकार समिती नेमली. या समितीने 31 आपत्ती पाच गटांत मांडल्या. पाणी व हवामानाशी संबंधित, भूगर्भीय, रासायनिक-औद्योगिक-आण्विक, अपघाताशी संबंधित आणि जैविक असे ते गट. आपल्या नोट्समधला तक्ता बऱ्याचदा यातूनच आलेला असतो.

आता गंमत बघा. दरड कोसळणं यात भूगर्भीय गटात आहे. पण 30 जुलै 2014 ला पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं, ते अतिवृष्टीमुळे. मग माळीण कोणत्या गटात टाकायचं? धरणफुटीसुद्धा भूगर्भीय गटातच आहे. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं आणि पाठोपाठ खडकवासला. तेव्हा पानशेतचं बांधकाम अजून पूर्ण झालेलं नव्हतं आणि पावसाळ्याचं पाणी मात्र साठत होतं. पाऊस निसर्गाचा, धरण माणसाचं.

म्हणजे तक्ता चुकीचा आहे का? नाही. कोणत्या आपत्तीचं काम कोणत्या खात्याकडे, हे ठरवायला अशी विभागणी लागतेच. पण हा तक्ता 'कारण काय' एवढंच विचारतो. पूर्वतयारीसाठी आणखी एक प्रश्न लागतो. ही आपत्ती किती वर्षांनी परत येते, आणि तोवर ती कुणाला आठवते का?

दुष्काळ: आठवणीत राहिलेली आपत्ती

1876 ते 1878 च्या दुष्काळात दख्खन आणि दक्षिण भारतात लाखो माणसं मेली. त्यानंतर ब्रिटिश सरकारने आयोग नेमला, 1880 मध्ये त्याचा अहवाल आला आणि त्यावरून प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता तयार झाल्या. पीक किती आलं याचा अंदाज घ्यायचा, टंचाई जाहीर करायची, कामं काढून मजुरी द्यायची, अशी पद्धत बसली. गावाकडे आजही 'यंदा आणेवारी किती लागली?' असं विचारतात. तो शब्द याच महसुली व्यवहारातला.

1970 ते 1973 या काळात महाराष्ट्रात पुन्हा मोठा दुष्काळ पडला. जनावरं गेली, लोकांनी गावं सोडली, हाल प्रचंड झाले. पण 1876 सारखा संहार झाला नाही. 1972 पासून रोजगार हमीची कामं सुरू झाली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला.

हे जमलं त्यामागे दोन गोष्टी होत्या. दुष्काळ हळूहळू येतो. पाऊस हुकणं आणि घरातलं धान्य संपणं यात काही महिने मिळतात. शिवाय तो एका आयुष्यात दोन-तीनदा दिसतो, त्यामुळे शेतकऱ्यापासून तहसील कचेरीपर्यंत सगळ्यांना तो माहीत असतो. भूकंपाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी नसतात.

कोयना, 1967

दख्खनचं पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे, असं दीर्घकाळ मानलं जायचं. 1966 च्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात कोयनेचा परिसर कमी धोक्याच्या विभागात होता. धरणात 1962 च्या सुमारास पाणी साठायला लागल्यावर छोटे धक्के जाणवू लागले. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली आणि धरणाला तडे पडले. पुढे धरण मजबूत केलं गेलं. 1970 च्या नव्या नकाशात हा भाग थेट चौथ्या विभागात गेला. त्या नकाशात सर्वाधिक धोक्याचा विभाग पाचवा होता.

जलाशयाचा भार आणि खोल भेगांत वाढलेला पाण्याचा दाब यामुळे आधीच ताणाखाली असलेला खडक सरकू शकतो. कोयना हे याचं जगभर अभ्यासलं जाणारं उदाहरण आहे.

किल्लारी, 1993

त्याच 1970 च्या नकाशात किल्लारी पहिल्या विभागात, म्हणजे सर्वात कमी धोक्याच्या भागात होतं. 1992 मध्ये तिथे छोटे धक्के बसत होते, लोक घाबरले होते. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या सुमारास 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास दहा हजार माणसं मृत्युमुखी पडली.

जमीन हलली म्हणून माणसं मेली, असं म्हणणं अर्धवट आहे. तिथली घरं जाड दगडी भिंतींची होती. दगड मातीत बसवलेले, वर मातीचं जड माळवद. धक्का बसल्यावर भिंती फुगून ढासळल्या आणि झोपलेली माणसं खाली सापडली. तुलनेसाठी 1989 चा कॅलिफोर्नियातला लोमा प्रिएटा भूकंप घ्या. तीव्रता 6.9, मृत्यू 63. अर्थात ही तुलना जपून वापरायची. एक भूकंप पहाटेचा, दुसरा संध्याकाळचा, आणि केंद्रापासून वस्तीचं अंतरही वेगळं. तरी धोका आणि आपत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं यातून नक्की कळतं. जमीन हलते तो धोका. त्याची आपत्ती होते ती घरामुळे, वेळेमुळे आणि गरिबीमुळे.

किल्लारीनंतर 52 गावांचं पूर्ण स्थलांतर झालं आणि राज्यात जिल्हावार आपत्ती व्यवस्थापन आराखडे तयार होऊ लागले. 2002 च्या नकाशात पहिला विभागच काढून टाकला गेला आणि किल्लारी तिसऱ्या विभागात आलं.

मग नकाशा नेमकं काय सांगतो?

दोन्ही वेळा क्रम तोच. आधी भूकंप, मग नकाशा. याचं कारण आपल्या नोंदींच्या लांबीत आहे. भारतात भूकंपमापक यंत्रं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली. पठाराच्या आतल्या भागात एकाच भेगेवर दोन मोठे भूकंप होण्यात हजारो वर्षं जाऊ शकतात. शंभर वर्षांच्या वहीत हजार वर्षांनी येणारी गोष्ट कशी सापडणार? किल्लारीनंतर शास्त्रज्ञांनी तिथे चर खणून जुन्या हालचालींच्या खुणा शोधल्या. जवळच्या तेर या प्राचीन नगराच्या अवशेषांतही जुन्या भूकंपाचे परिणाम दिसतात, असं काही भूशास्त्रज्ञांनी मांडलं आहे.

म्हणून 'नोंद नाही' आणि 'घटना घडली नाही' ही दोन वाक्यं कधीच एक समजू नका. नकाशातला कमी धोक्याचा रंग म्हणजे अभय नव्हे, आजवरच्या माहितीचा तो सारांश आहे. घर बांधताना याचा थेट उपयोग होतो. भिंतीच्या आरपार जाणारे जोड-दगड, दारं-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना बांधणारा सलग पट्टा आणि हलकं छप्पर. भूकंप कधी येणार हे माहीत नसतानाही ही तयारी करता येते.

तुम्ही विषय शोधत असाल तर एक काम करा. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्याला आराखडा करावा लागतो. तुमच्या जिल्ह्याचा मिळवा. त्यातल्या प्रत्येक आपत्तीपुढे तिची सर्वात जुनी नोंद कोणत्या वर्षाची आणि ती कुणी केली, हे लिहा. मग जुनी गॅझेटिअर, महसुली कागद, आणि मोडी येत असेल तर पुणे पुराभिलेखागारातली दफ्तरं बघा. आराखड्यातली नोंद जिथे सुरू होते, त्याच्या अलीकडे खूप जणांनी काम केलेलं असतं. पलीकडे बघा, विषय तिथे सापडेल.