मॅकेना यांचा श्वास

वर्ष १९२८, शहर न्यूयॉर्क. कोलंबिया कंपनीच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत तुम्ही भिंतीला टेकून उभे आहात. बूट कुरकुरू देऊ नका, समोरचा मायक्रोफोन तिखट कानाचा आहे. तीनेक वर्षांपूर्वीपर्यंत वादकांना कर्ण्यासमोर दाटीवाटीने बसून वाजवावं लागे. आता निदान कोपर हलवायला जागा आहे.

बासरी हातात घेतलेले जॉन मॅकेना आयर्लंडमधल्या लीट्रिम काउंटीचे. पन्नाशीकडे झुकलेले, एके काळी या शहरात आग विझवण्याची नोकरी केलेले. त्यांची बासरी आडवी, काळ्या लाकडाची. शेजारी फिडल जुळवत असलेले जेम्स मॉरिसन पस्तिशीचे, लीट्रिमला लागून असलेल्या स्लायगोचे. ते शिकवण्या घेतात, म्हणून त्यांना ‘प्रोफेसर’ म्हणतात. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. पण इथे त्याने नाचणाऱ्याचे पाय जमिनीवरून उचलायचे असतात.

मेणाची जाड चकती ऊब देऊन मऊ केलेली आहे. ती फिरू लागते, सुई टेकते, खूण होते.

आणि पहिल्याच फेरीत तुमच्या लक्षात येतं, की मॅकेना श्वास लपवत नाहीत. सूर मध्येच तोडून, जोरात हवा ओढून ते पुढच्या तुकड्यावर झेपावतात, आणि त्या तोडण्यातूनच ठेका उभा राहतो. आपल्याकडची लांब, अखंड फुंक इथे शोधू नका. मॉरिसन यांचा गज त्या तुटलेल्या जागांवरून सराईतपणे सरकतो; बासरी थांबते तिथे फिडल बोलत असते. एक रील, म्हणजे नाचाची जलद धून, दोनदा-तीनदा वाजते, तोच दुसरी सुरू होते. गावाकडे नाचणारे दमेपर्यंत एकच धून चालली असती. इथे दहा इंची तबकडीत तीन मिनिटं मावतात. दोन-तीन धुना जोडून वाजवण्याची जी रीत पुढे पक्की झाली, तिच्यामागे या तीन मिनिटांचाही हात आहे, असं मला वाटतं.

वाजवून झालं. कसं झालं ते ऐकायचंय? नाही ऐकता येणार. मेण वाजवलं तर त्यावरची रेघ बिघडते. (नशीब म्हणा, आज पियानोबद्दल बोलायची वेळ आली नाही. मायकेल कोलमनसारख्या अव्वल फिडलवादकाच्या काही तबकड्यांवर साथीचा पियानो असा भरकटलाय, की हसावं की रडावं कळत नाही.)

आता काही वर्षं पुढे, समुद्रापलीकडे. लीट्रिममधलं एक स्वयंपाकघर, चुलीत दलदलीतून कापून वाळवलेली पीटची ढेकळं धुमसताहेत. अमेरिकेतल्या नातेवाइकाने पाठवलेली तबकडी ग्रामोफोनवर चढते. हात लावून बघा: त्या काळ्या थराला बांधून ठेवणारी लाख बहुतेक आपल्याच देशातली, छोटा नागपूरच्या पळस-कुसुमाच्या झाडांवरून खरवडलेली. एक पोरगा चावी पुरती देत नाही. स्प्रिंग सैलावते, रील मंदावते, सूरही खाली घसरतो, पण बोटं आता दिसावीत इतकी सुटी ऐकू येतात. तो पोलादी सुई उचलून परत त्याच जागी ठेवतो. पुन्हा. पुन्हा. प्रत्येक वेळी सुई थोडी खाच खाऊन टाकते. या तबकड्या दुर्मीळ झाल्या त्या अडगळीत पडून थोड्याच? ज्या जास्त आवडल्या, त्याच आधी झिजल्या.

म्हणून शेवटचा मुक्काम आजचा. हेडफोन लावलेला तंत्रज्ञ वेगवेगळ्या रुंदीच्या सुया लावून बघतोय. खाचेच्या भिंतीवर जुनी सुई जिथे घासली नाही, तेवढी पट्टी त्याला हवी आहे. सापडते. खरखर ओसरते आणि मॅकेनांचा तो ओढलेला श्वास स्पष्ट येतो. मात्र अडचण वेगळीच आहे. मिनिटाला ७८ फेरे हे नाव झालं. त्या काळी यंत्रं थोडी मागेपुढे फिरत. वेग जरा बदलला की सूर वर-खाली होतो. तंत्रज्ञ तुमच्याकडे वळतो. तुम्ही त्या खोलीत होतात ना? मग सांगा, पट्टी पांढरी दोन होती की काळी दोन?