मेंदूच्या दुखापतीवर ‘आभासी’ उपचार

डोक्याला मार बसलेले मूल शुद्धीवर येते, जखमा भरतात, रुग्णालयातून सुटी मिळते. पण पेला उचलताना हात थरथरतो, चालताना तोल जातो, वर्गात लक्ष टिकत नाही. नष्ट झालेल्या मेंदूपेशी जवळपास कधीच भरून येत नाहीत; मात्र शाबूत राहिलेला भाग नव्या जोडण्या निर्माण करून गमावलेली कामे काही प्रमाणात पुन्हा शिकू शकतो. त्यासाठी एकच हालचाल शेकडो वेळा करावी लागते आणि मुलांच्या बाबतीत गाडे अडते ते इथेच. मणी उचलून वाटीत टाकण्याचा सात वर्षांच्या मुलाला विसाव्या वेळी कंटाळा येणारच.

हा कंटाळा टाळण्यासाठी पुनर्वसनतज्ज्ञ ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’, म्हणजेच आभासी वास्तवाकडे वळले. डोक्यावर बसवायचा संगणकीय पडदा आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्येच दाखविला होता. ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ हे नाव १९८०च्या दशकात जॅरन लॅनियर यांच्यामुळे रूढ झाले. उपचारांत मात्र डोक्यावर काहीच न घालण्याची पद्धतही तितकीच उपयोगी ठरली. ‘आयरेक्स’ या कॅनेडियन प्रणालीत कॅमेरा मुलाचे चित्र टिपतो आणि पडद्यावरील खेळात ते मूल स्वतःलाच पाहते. ते गोलरक्षक होऊन चेंडू अडविते किंवा हवेतले फुगे स्पर्श करून फोडते. चेंडू किती वेगाने आणि कोणत्या बाजूने यावा, हे उपचारक ठरवितो. त्यामुळे दुबळा हात पुढे करण्यावाचून मुलाला गत्यंतर उरत नाही.

संग यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘सेरेब्रल पाल्सी’ असलेल्या आठ वर्षांच्या मुलावरील असा प्रयोग प्रसिद्ध केला. ही अपघाताची नव्हे, तर जन्माच्या आगेमागे झालेली मेंदूची इजा होय. उपचारांपूर्वी दुबळा हात हलविताना मेंदूच्या दोन्ही बाजू कामाला लागत; नंतरच्या ‘एफएमआरआय’ तपासणीत हे काम प्रामुख्याने विरुद्ध बाजूकडे, म्हणजे निरोगी मेंदूत असते तसे गेल्याचे आढळले. स्वतः जेवणे व कपडे घालणे यांतही सुधारणा झाली. अर्थात, एका मुलाच्या अनुभवावरून सर्वांसाठी निष्कर्ष काढता येत नाही.

लक्ष आणि स्मरण यांच्या तपासणीतही हे तंत्र वापरले जाते. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील अल्बर्ट रिझो यांनी आभासी वर्ग तयार केला. त्यात फळ्यावर अक्षरे उमटतात आणि ठरावीक क्रमाने अक्षर आले की मुलाने बटण दाबायचे असते. मध्येच कागदी विमान उडते, खिडकीबाहेरून गाडी जाते. मुलाची मान केव्हा वळली, याचीही नोंद होते. अतिचंचल मुलांसाठी बनविलेली ही चाचणी पुढे मेंदूला मार बसलेल्या मुलांसाठीही वापरली गेली. शांत खोलीत कागद-पेन्सिलीवर उत्तम उत्तरे देणारे मूल खऱ्या वर्गात का मागे पडते, हे पालकांना पडणारे कोडे अशा चाचणीतून अधिक उलगडते.

तरीही या तंत्राविषयी अवाजवी आशा बाळगणे योग्य नाही. पक्षाघाताच्या प्रौढ रुग्णांवरील ७२ चाचण्यांचा ‘कोक्रेन’ संस्थेने २०१७ मध्ये आढावा घेतला. हाताच्या कामात आभासी उपचार नेहमीच्या व्यायामापेक्षा सरस असल्याचे त्यात दिसले नाही. नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून, सरावाचा एकूण वेळ वाढविण्यासाठी मात्र त्यांचा उपयोग होऊ शकतो. मुलांवरील अभ्यास तर बहुतांशी लहान आहेत. डोक्यावरील पडद्यामुळे मळमळ किंवा भोवळ येऊ शकते आणि दुखापतीनंतर अनेक मुलांना हा त्रास आधीच असतो. झटके येणाऱ्या मुलांबाबत डॉक्टरांचा सल्ला आवश्यक ठरतो. बाजारातील उपकरणांना वयाची अटही असते: ‘मेटा’ कंपनीने २०२३ मध्ये आपली किमान वयोमर्यादा १३ वरून १० वर्षांवर आणली, तीही पालकांच्या देखरेखीखाली.

शिवाय पडद्यावरील फुग्याला वजन नसते आणि तो हातातून निसटतही नाही. म्हणून खेळातले गुण वाढले, तरी जाणकार उपचारक त्याच बैठकीत मुलासमोर पाण्याने अर्धा भरलेला खरा पेला ठेवतो.