आपका बंटी

विख्यात हिंदी लेखिका मन्नू भंडारी (१९३१–२०२१) यांची कादंबरी. आधी ‘धर्मयुग’ साप्ताहिकातून क्रमशः व १९७१ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध. मूळच्या माळव्यातील भानपुरा येथील या लेखिकेने उज्जैनच्या विक्रम विद्यापीठातील प्रेमचंद सृजनपीठाचे अध्यक्षपदही भूषविले.

महाविद्यालयाची प्राचार्या शकुन व कलकत्त्यात राहणारा अजय यांचा संसार मोडतो आणि त्यांचा मुलगा बंटी दोन घरांत विभागला जातो. शकुन विधुर डॉ. जोशींशी विवाह करते. अजयने मीराशी नवा संसार थाटलेला असतो. आईच्या नव्या घरात बंटी रुळत नाही, वडिलांकडेही परकाच ठरतो. अखेर त्याची रवानगी वसतिगृहात होते.

निवेदन मुख्यतः बंटीच्या नजरेतून होते. मोठ्यांचे अबोले, अहंकार व अपराधभाव मुलाच्या हट्टातून आणि मौनातून प्रकटतात. शकुनला खलनायिका न करता तिची स्वतंत्र आयुष्याची ओढ व मातृत्व यांतील ताण लेखिकेने तितक्याच सहानुभूतीने रेखाटला आहे. आईवडील एकमेकांना क्षमा करू न शकल्याची किंमत मूल मोजते, हे या कादंबरीचे मर्मभेदी सत्य होय. भारतीय साहित्यात घटस्फोटितांच्या अपत्याचे दुःख इतक्या समर्थपणे मांडणाऱ्या कलाकृती मोजक्याच आहेत.

या कादंबरीवर आधारित ‘समय की धारा’ (१९८६) या चित्रपटात कथेचा विपर्यास झाल्याचा आक्षेप घेऊन लेखिकेने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. लेखकाच्या नैतिक हक्कांबाबत तो खटला महत्त्वाचा मानला जातो.